पडवीतला लाल झेंडा

१२ ऑगस्ट, दहिवली

आज ट्रंकेतली जुनी लुगडी काढताना विनिताची आणि माझी एक दुपार आठवली. तिच्यात विशेष काही नव्हतं. घाटावरच्या आमच्या कॉन्व्हेंटमधला शिवणाचा तास, खिडकीबाहेर धुकं, आणि आम्ही दोघी एकाच टेबलक्लॉथच्या दोन टोकांना बसलेल्या. सिस्टर टाळी वाजवून म्हणायच्या, "नीडल्स डाउन, गर्ल्स!" की सगळ्या मुली मान वर करायच्या. तेवढ्यात विनिता फ्रॉकच्या खिशातून शेंगदाणे काढायची, अर्धे मला द्यायची, आणि आम्ही ते आवाज न करता चावायचो. एवढंच. पण तिच्या हातातले ते कोमट शेंगदाणे मला अजून तळहातावर जाणवतात.

तिचाच काल फोन आला. माथेरानला तिच्या भावाचं लहानसं हॉटेल आहे. दिवाळीच्या गर्दीआधी त्याला हाताने शिवलेल्या आठ गोधड्या हव्या आहेत. चांगल्या झाल्या तर पुढेही काम देत राहील. मी विचार न करता हो म्हटलं.

माझ्या लेकीला, रियाला, फोनवर हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, "आई, पापडांचं विसरलीस?"

विसरले नाही. गेल्या उन्हाळ्यात सकाळी पापड लाटायला बसले ती दिवेलागणीलाच उठले, आणि दुसऱ्या दिवशी उठताच येईना. लेक बिचारी पुण्याहून धावत आली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, मी दहिवली सोडून तिच्याकडे राहायला यावं. "तुला काम करता येतं, थांबता येत नाही. अशा माणसानं एकटं राहायचं नसतं," म्हणते. खोपोलीच्या कारखान्यात उभा जन्म टायपिंग केलं. साहेबांचं डिक्टेशन कधी माझ्यासाठी थांबलं नाही, मग मला थांबणं कुठून येणार?

शेवटी ठरलं ते असं. गोधड्या वेळेत झाल्या आणि मी आजारी पडले नाही, तर पुण्याचा विषय ती पुन्हा काढणार नाही. अंथरूण धरलं, तर दिवाळीनंतर घराला कुलूप.

मला हे घर सोडायचं नाही. एवढं इथे लिहून ठेवते.

१४ ऑगस्ट

काम सुरू झालं. एकटीने एक गोधडी शिवायची तर महिना जातो. चौघी चार बाजूंना बसल्या की आठवड्याच्या आत होते. कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं आणि मधोमध भेटायचं. एका बाजूला मी. समोर माझी थोरली जाऊ, भागूअक्का, जिचं घर मागच्या अंगणापलीकडेच आहे. उरलेल्या दोन बाजूंना शेजारची सोनुबाई आणि तिची सून संजना. लावणी उरकली आहे, त्यामुळे तिघी मोकळ्या. मात्र भात कापणीला आलं की गोधडीकडे ढुंकून बघणार नाही, असं अक्कांनी पहिल्याच टाक्याला सांगून टाकलं.

रियाने माझ्या मोबाईलमध्ये एक घड्याळ घालून दिलंय. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. वेळ झाली की ते बदकासारखं ओरडतं. पहिल्यांदा ओरडलं तेव्हा संजनाच्या बोटात सुई गेली, आणि सोनुबाई पदर खोचून मागच्या दारी बदक हाकलायला गेली.

"आत्ता कुठं मांड जमली माझी, लगेच उठू?" अक्का म्हणाल्या. "आनि पाच मिन्टांत माझं गुडगं तरी सरळ व्हतील का गं कुंदे?"

बदक तिसऱ्यांदा ओरडलं तेव्हा सोनुबाईने फोन तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

१७ ऑगस्ट

शेजारचे आबाजी मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पडवीत बसल्या बसल्या त्यांना आवाजावरून कुठली गाडी उशिरा निघाली ते कळतं, आणि रागही येतो. आमचे हे आता नाहीत; आबाजी त्यांचे जुने मित्र. पत्नी गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा गुजरातेत.

कुंपणावरून त्यांना विचारलं, आमची वेळ बघायचं काम कराल का?

"ड्यूटी किती वाजता?" एवढंच विचारलं.

आज बरोबर नवाला हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी, काखेत एक लाल आणि एक हिरवा झेंडा. पाऊण तास काम आणि पाव तास विश्रांती असं ठरलं. विश्रांतीला लाल झेंडा पडवीच्या खांबाला लागणार. हिरवा दाखवून शिट्टी झाली की पुन्हा सुया हातात.

"आमी काय मालगाडी हाय का हो दादा?" सोनुबाईने विचारलं.

"मालगाडीच," अक्का म्हणाल्या. "बग की, गार्ड कसा सगळ्यांच्या मागं बसलाय."

आबाजी हसले नाहीत. खुर्ची जरा पुढे मात्र घेतली. माझ्या बाजूला उजेड चांगला आहे, तिकडे.

२४ ऑगस्ट

विश्रांतीत काय करायचं हे मला खरंच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी लाल झेंडा लागल्यावर मी उठून डबे पुसायला घेतले. दुसऱ्या दिवशी पुढच्या गोधडीचं कापड कापायला बसले. आबाजी दारात येऊन उभे. "वहिनी, सिग्नल लाल आहे. इंजिन हलवायचं नाही."

मग बसले. नुसती. हात मांडीवर ठेवून. आधी दोन्ही हात कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटले. समोर माथेरानचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला होता. बघता बघता एक धबधबा दिसायला लागला, मग त्याच्या शेजारचा बारीकसा दुसरा. इतकी वर्षं या पडवीत केर काढते, हा दुसरा मी कधी पाहिलाच नव्हता.

आबाजी घाटातल्या गोष्टी सांगतात. लोणावळ्याहून उतरताना मालगाडी मध्येच उभी करून ब्रेक बघतात. एकदा गाडी अशी उभी असताना एक माकड त्यांचा जेवणाचा डबा घेऊन पळालं, आणि इंजिनातल्या ड्रायव्हरने शिट्टी मारमारून तो परत मिळवला. सोनुबाई म्हणाली, "माकडाला पगार व्हता का?" संजना हसून हसून आडवी झाली.

पहिली गोधडी झाली, दुसरी निम्मी झाली. टाके मोत्यासारखे एका आकाराचे आलेत. पाठ दुखत नाही. मला वाटतं, हे सगळं आबाजींच्या काटेकोरपणाचं फळ आहे. रेल्वेचा माणूस तो. चहा होतो, अक्कांचं पान लावून खाऊन होतं, एक आख्खी गोष्ट सांगून होते, आणि एवढं सगळं त्या पाव तासात बसतं याचं मला रोज नवल वाटतं.

३१ ऑगस्ट

आज आबाजी पाठ टेकायला एक फळी करून घेऊन आले. रंधा मारलेली, वर जुन्या ब्लँकेटचा तुकडा ठोकलेला. माझ्या पाठीमागे लावून दिली. मी म्हटलं, या तिघींना नाही आणली? म्हणाले, "एकच फळी होती." त्यांच्या परसात फळ्यांची रास आहे, पण पावसाने ओल्या झाल्या असतील.

आणखी एक गंमत. आज मला ते वहिनी म्हणाले नाहीत. "कुंदाबाई, चहात आलं झकास उतरलंय," म्हणाले. संजना खोकत खोकत आत पळाली, तिच्या मागोमाग सोनुबाईही. घरात साथ दिसते आहे. उद्या दोघींना काढा करून द्यायला हवा.

७ सप्टेंबर

गणपती बसले. गौरी जाईपर्यंत सुईला हात लावायचा नाही, अशी अक्कांची ताकीद आहे. आबाजींनी दोन्ही झेंडे गुंडाळून आमच्याच देवघराच्या कोनाड्यात ठेवले. रोज आरतीला येतात. आवाज मोठा आहे, सुरात मात्र नाही. नैवेद्याचे मोदक मी केले ते त्यांनी मोजून खाल्ले आणि मग मोजणं सोडून दिलं.

१६ सप्टेंबर

आज वाईट झालं. लिहून टाकते.

चार पुऱ्या झाल्यात, पाचवी चालू आहे. सुट्टी धरली तरी निदान सहा व्हायला हव्या होत्या. कुठे वेळ जातो ते कळेना. सकाळी लाल झेंडा लागला तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे सहज लक्ष गेलं. मग मुद्दाम ठेवलं. चहा झाला, गप्पा झाल्या, आबाजींची बोगद्यातली गोष्ट झाली, तिचा राहिलेला भाग झाला. हिरवा झेंडा दिसला तेव्हा जवळजवळ पाऊण तास उलटून गेला होता.

"आबाजी, पाव तास ठरला होता ना?"

ते झेंड्याची घडी घालत म्हणाले, "घाटात ब्रेक तापले की थंड व्हायला वेळ द्यावा लागतो."

"कुणाचे ब्रेक?"

ते दुसऱ्या झेंड्याची घडी घालायला लागले. तिघींकडे बघितलं तर तिघींच्या माना खाली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं!

मग माझ्या तोंडून गेलं. "तुमचा वेळ जात नाही म्हणून माझं घर जाईल, आबाजी."

त्यांनी झेंडे काखेत घेतले आणि निघून गेले. चहाचा कप तसाच. संध्याकाळी उचलायला गेले तर त्यावर साय धरली होती.

१८ सप्टेंबर

आता वेळ मीच बघते. तिघी थोडा वेळ टेकतात, पण मी शिवत राहते. घालवलेला वेळ कुणीतरी भरून काढायला हवा. माझी बाजू बाकीच्यांपेक्षा चार बोटं पुढे गेली आहे. बघून बरं वाटलं.

पडवी फार शांत असते. अक्कांनी दोनदा विचारलं, "कुंदे, चा?" मी मानेनेच नको म्हटलं.

२० सप्टेंबर

दुपारी कुंपणापलीकडून आबाजी ओरडले, "साप! अहो, बाहेर या सगळ्या, साप!" सुया टाकून आम्ही अंगणात. तर कुंपणावर सुतळीचा एक तुकडा. मी म्हटलं, हा साप? ते म्हणाले, "लांबून तसा वाटला." लांबून म्हणजे किती, त्यांच्या हातभर अंतरावर होती.

"आनि शेपूट तुमच्याच हातात हाय की हो दादा," सोनुबाई म्हणाली.

मी रागाने आत आले. पण अंगणात पाय मोकळे झाले होते, ऊन अंगावर आलं होतं, आणि नंतरची ओळ कधी नव्हे इतकी सरळ आली. योगायोग.

२१ सप्टेंबर

पाचवी गोधडी मधोमध येऊन फुगली. हाताने कितीही सारखी केली तरी बसत नाही. माथेरानच्या डोंगरासारखा उंचवटा येतो आहे. सगळं कापड माझ्या बाजूला ओढलं गेलंय. चौघींनी एकाच वेगाने आत सरकायचं असतं, आणि मी तर विश्रांतीतही एकटीच पुढे धावत होते. यात कुणाची चूक आहे हे विचारायला नको. अक्कांनीही विचारलं नाही. उंचवट्यावर हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "हॉटेलवाल्याला सांग, ही उशीसकट हाय." आणि चौघी हसलो. मीसुद्धा, पुष्कळ दिवसांनी.

पण आता ती उसवायची आहे. माझा उजवा अंगठा सुजला आहे, कालपासून वाटी उचलता येत नाही. पुढच्या शनिवारी रिया येते आहे.

२२ सप्टेंबर

सकाळभर उसवलं. उसवताना अक्का सहज म्हणाल्या, "त्यो मानूस काय वेळ घालवायला येत व्हता व्हय? रियाची अट मीच त्याला सांगितलीवती. तवापासनं लाल झेंडा लांबायला लागला."

म्हणजे माझी तब्येत सांभाळायला त्यांनी हे सगळं केलं! किती चांगला शेजारी. मग ती फळीही त्यासाठीच.

"तब्येतीसाठीच ना अक्का?"

अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "व्हय गं बाय," म्हणाल्या. "तब्येतीसाठीच."

संध्याकाळी आबाजींकडे गेले. झेंडे धुऊन, इस्त्री करून टेबलावर ठेवलेले होते. मी म्हटलं, माझं बोलणं मनावर घेऊ नका. उद्यापासून ड्यूटीवर याल का?

"पाव तासच?"

"तुम्हाला ब्रेक थंड झाल्यासारखे वाटतील तोवर."

"मग संध्याकाळच होईल, कुंदा."

'बाई' म्हणायचं राहिलं. वयाने शब्द गळतात. माझेही गळतात. मी काहीतरी बोलणार होते, ते आठवेना. घरी येऊन अंगठ्याला हळदीचा लेप लावला आणि कारण नसताना दोनदा आरशात पाहिलं.

२८ सप्टेंबर

आजचा प्रकार मला संजनाने सांगितला, कारण मी तेव्हा जागी नव्हते.

रिया सांगितल्यापेक्षा लवकर आली. लाल झेंडा लागला होता. अक्का आणि सोनुबाई पायरीवर पान खात होत्या, आणि मी अर्ध्या शिवलेल्या गोधडीवर भरदिवसा गाढ झोपले होते. रिया घाबरली. "आईला काय झालं?" म्हणत धावत वर आली. आबाजींनी तिच्यासमोर लाल झेंडा आडवा धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काही झालं नाही," ते कुजबुजले. "गाडी उभी आहे."

रिया म्हणे झेंड्याकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे, मग माझ्या पाठीमागच्या फळीकडे. मग चपला काढून पायरीवर बसली आणि तिला हसू यायला लागलं. मी उठले तेव्हा ती आबाजींकडून माकडाची गोष्ट ऐकत होती.

अंगठा दाखवला. सूज उतरली आहे. लपवायचं ठरवलं होतं, पण दाखवला. ती म्हणाली, "आई, तू झोपली होतीस! दुपारी! मी तुला कधी दुपारी झोपलेलं पाहिलंच नाही."

जाताना तिने आबाजींना वाकून नमस्कार केला. मला म्हणाली, "काका छान आहेत ना?" मी म्हटलं, शेजार चांगला आहे. तिने मला घट्ट मिठी मारली आणि अक्कांकडे बघून डोळा मारला. आजकालच्या मुलींचं काही कळत नाही.

८ ऑक्टोबर

आठ झाल्या!

कशा झाल्या हे मला नीट सांगता येणार नाही. लाल झेंडा कधी पाव तास लागायचा, कधी तासभर, आणि हिरवा दिसला की हात आपणहून पळायचे. शेवटच्या दहा दिवसांत अक्कांच्या लेकी-सुनाही शेजारी दुसरी गोधडी पसरून बसल्या. त्यांनाही आबाजींनी त्याच शिट्टीवर घेतलं. शेवटच्या मधल्या टाक्याला चौघींच्या सुया एकमेकींना लागल्या. संजनाने दोरा तोडला आणि सोनुबाईने आरोळी ठोकून आख्खी आळी जमवली.

आज आम्ही सगळ्यांनी टेंपोने गाठोडी माथेरानच्या नाक्यापर्यंत नेली. पुढे गाड्या जात नाहीत, म्हणून घोड्यांवर लादली. आबाजी पुढच्या घोड्यासमोर हिरवा झेंडा घेऊन निघाले. घोडा बिचकला आणि खाली बसला. घोडेवाला म्हणाला, "काका, ते फडकं घडी करा, तरच जनावर हलंल." अक्का म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत पैल्यांदा कुनीतरी लाल नसताना थांबलं." विनिताच्या भावाने गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि उन्हाळ्यासाठी आणखी सांगितल्या.

रात्री रियाचा फोन. पुण्याचं नावही काढलं नाही. "घराला रंग देऊया का गं दिवाळीला?" म्हणाली. मी म्हटलं, पडवीपासून सुरू करू.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा. परवापासून तिघी कापणीला जाणार. घरातल्या गोधड्या आणि बाकीचं कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर पडवीत भांडण नको.

जांभळ्या लुगड्याची माझी जुनी मोठी गोधडी अक्कांना. त्या नको म्हणतील, तरी त्यांच्या पलंगावर नेऊन घालायची. पाचवी, जी उसवून पुन्हा शिवली, ती हॉटेलला पाठवली नाही, तिच्याबदली नववी गेली. मधोमध अजून किंचित फुगलेली आहे. ती सोनुबाईने मागून घेतली आहे. त्या उंचवट्यावर डोकं टेकलं की झोप लागते म्हणते. तर ती तिची.

शिवताना बोटात घालायचं माझं चांदीचं अंगुस्तान संजनाला. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. उन्हाळ्याच्या गोधड्यांचे रंग तीच निवडेल, मी मध्ये बोलणार नाही.

पुण्याच्या घरात रियाने माझ्यासाठी म्हणून जी खोली राखून ठेवली आहे, ती रियाचीच. तिने तिथे खिडकीपाशी आपलं कामाचं टेबल लावावं, आणि एक आरामखुर्चीही. खुर्ची टेबलाकडे पाठ करून ठेवावी.

आबाजींची गोधडी अजून व्हायची आहे. माझ्या स्वतःच्या साड्यांची करते आहे, मोतिया रंगाची आत घातली आहे. ती कामाच्या वेळेत शिवायची नाही, फक्त लाल झेंडा असताना. एका वेळी चार-पाच टाके, जास्त नाही. मापासाठी त्यांनी रोज समोर येऊन बसावं. पुरी व्हायला कितीही वेळ लागला तरी चालेल, हे त्यांना मीच सांगेन.